आमची वाटचाल: आठला कुलूप

२०१७ साली सांगलीत विश्रामबागेत दोन खोल्या भाड्याने घेऊन आम्ही नवरा-बायकोने अकरावी-बारावी सायन्सचा क्लास काढला. मी फिजिक्स, ती गणित, केमिस्ट्रीला ओळखीतले एक सर. पहिली दोन वर्षं सगळे करतात तेच केलं. सकाळी सहाला बॅच, रात्री दहापर्यंत अभ्यासिका, रविवारी टेस्ट. मुलं जांभया देत पेपर सोडवायची आणि आम्ही त्याला मेहनत म्हणायचो.

त्यात एक मुलगा मिरजेचा, सतारमेकर गल्लीतला. वडील तानपुरे बनवतात. संध्याकाळी तासभर तो त्यांच्या हाताखाली भोपळा घासायला बसायचा. ते मीच बंद करायला लावलं. दोन महिन्यांत मार्क वाढायचे राहिले बाजूला, पोरगंच गप्प झालं. वडील भेटायला आले. तक्रार नाही, एवढंच म्हणाले, "सर, माझ्यापाशी बसायचा तेव्हा बोलायचा तरी." त्या आठवड्यापासून रात्रीची अभ्यासिका बंद, आठला कुलूप. पुढच्या जूनला अकरा पालकांनी पोरं काढून नेली. भाड्यासाठी बायकोची एफडी मोडली.

मग महापूर, मग कोरोना. त्यावर काय लिहायचं, सांगलीत सगळ्यांचं तेच झालं.

आठच्या आत सगळं बसवायचं तर आधी ओझं कमी करायला हवं होतं. राज्याची सीईटी, मेडिकलची नीट आणि आयआयटी-एनआयटीची जेईई या तिन्ही प्रवेश परीक्षा एकाच पोराच्या खांद्यावर टाकायच्या, ही खरी दमवणूक. इंजिनिअरिंगच्या सीईटीत अकरावीचा भाग २० टक्के, तोही ठराविक धड्यांचा. बाकी सगळी बारावी. गणिताचे ५० प्रश्न, प्रत्येकी दोन मार्क, ९० मिनिटं, निगेटिव्ह मार्किंग नाही. नीटला मात्र चुकीच्या उत्तराला मार्क कापतात आणि अकरावी कुठे सुटत नाही. म्हणून प्रवेश देतानाच विचारतो, नक्की कुठे जायचंय? "बघू सर, सगळंच देऊया" म्हणणाऱ्यांना पंधरा दिवसांनी या म्हणतो. धंद्याच्या दृष्टीने हा मूर्खपणाच आहे.

सगळ्यात मोठी चूक मात्र शिकवण्यात नाही, कॅप राउंडला, म्हणजे इंजिनिअरिंगच्या सरकारी प्रवेश फेरीला झाली. एका मुलीच्या ऑप्शन फॉर्मवर, म्हणजे कॉलेजांच्या पसंतीच्या यादीत, 'हमखास मिळेल' म्हणून जवळचं एक कॉलेज मी वर टाकायला लावलं, सांगलीचं वालचंद इंजिनिअरिंग कॉलेज दोन नंबरला. पहिल्या फेरीत पहिलाच पर्याय लागला की जागा आपोआप फ्रीझ होते, पुढच्या फेरीत बदलता येत नाही. झाली. कटऑफ बघितला, तर तिला वालचंद सहज मिळत होतं. तिची फी परत केली. आता यादी मुलांनी घरी बसून, स्वतःच्या हाताने, आवडीच्या क्रमाने लिहायची. आम्ही फक्त कॉलेजांचे कोड तपासतो.

कागदपत्रं बारावीच्या दिवाळीतच मागवतो. नॉन-क्रीमीलेअरची मुदत, आधारवरचं नाव आणि सगळ्यात चिवट म्हणजे जात पडताळणी. गेल्या दिवाळीत जतच्या एका मुलीच्या पणजोबांचा शाळेतला पुरावा लागत होता. तिच्या वडिलांबरोबर मीही गेलो. रजिस्टर सापडलं, पण सगळं जुन्या मोडी लिपीत. मोडी वाचणारे एक आजोबा शेवटी मिरजेत भेटले, त्याच सतारमेकर गल्लीच्या मागे. व्हॅलिडिटी, म्हणजे पडताळणीचं प्रमाणपत्र, मार्चमध्ये हातात आली.