तुम्ही विचारलंत म्हणून: आभाळ भरलेलं असताना मोटरसायकल घेऊन रेसिंग ट्रॅकवर कशाला जाता?

ऑफिसात, घरी, पेट्रोल पंपावर, हा प्रश्न ठरलेला आहे. जुलैमध्ये मोटरसायकली टेम्पोत बांधून पुण्याहून कोइम्बतूरला पाठवायच्या, हजार-बाराशे किलोमीटर आपण मागून जायचं, आणि तिथे पाऊस आला की पैसे पाण्यात, मग हा उपद्व्याप सांगितलाय कुणी? काही जण पुढे विचारतात, पावसात घसरत नाही का गाडी? घसरते ना. पण घाबरायचंच असेल तर पावसाला नका घाबरू, पाऊस थांबल्यानंतरच्या तासाभराला घाबरा. आणि मी जाते ती त्या तासाभरासाठीच.

आधी जागा सांगते. कारी मोटर स्पीडवे, कोइम्बतूरबाहेर चेट्टीपाळयमला, फॉर्म्युला मारुतीच्या रेसकार बनवणाऱ्या करिवर्धन यांच्या नावाचा ट्रॅक, लांबी २.१ किमी. चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईचा ट्रॅक याहून मोठा, ३.७ किमीचा, पण लहान गाडीला कोइम्बतूर बरं पडतं, सरळ रस्ता कमी आणि वळणं जास्त. कोइम्बतूर तसं पर्जन्यछायेत, खरा पाऊस तिथे ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये. पण पश्चिमेला सह्याद्रीत पालघाटची खिंड आहे, निलगिरी आणि अनमलाईच्या मधली मोठी फट, आणि जून ते ऑगस्ट केरळातला वारा त्या फटीतून सुसाट आत येतो (त्या पट्ट्यात एवढ्या पवनचक्क्या आहेत त्या काय उगाच नाहीत). वाऱ्याबरोबर ढगाचे तुकडे येतात, पाच मिनिटं भुरभुर, मग कडक ऊन, मग परत भुरभुर. आमच्यातले जुने लोक मोबाईलवरचं हवामान बघत नाहीत, पश्चिमेकडे तोंड करून उभे राहतात.

आता गंमत ऐका. कोरड्या ट्रॅकवर सगळे एकाच रेषेतून जातात ना, तर त्या रेषेवर टायरचं रबर बसत जातं, डांबरही घासून गुळगुळीत होतं. कोरडं असताना तिथेच सगळ्यात जास्त ग्रिप. पाऊस पडला की तीच रेष सगळ्यात निसरडी, म्हणून ओल्यात वळणाच्या बाहेरून फिरायचं, जिथे डांबर खरबरीत आहे आणि कुणी फारसं जात नाही. आणि पाऊस थांबून गाड्या फिरायला लागल्या की सगळ्यात आधी वाळते तीही तीच रेष, कारण टायर तिथलं पाणी उडवत जातात! म्हणजे दहा वाजता जिथे जायचं नाही म्हणून बजावलं तिथेच अकराला जायचं. हा बदल कधी झाला हे कुणी येऊन सांगत नाही. ट्रॅकच्या कडेला उभे असलेले मार्शल झेंडा दाखवतात, रेसिंगच्या नियमात पांढऱ्यावर लाल फुली म्हणजे या भागात थेंब पडतायत, पिवळ्या-लाल उभ्या पट्ट्या म्हणजे पकड कमी आहे, पण वाळत किती आलंय याचा झेंडा नसतो, ते आपलं आपणच वाचायचं.

वाचायचं म्हणजे काय तर रंग. ओलं डांबर काळं आणि चकाकतं. वाळताना मधे एक राखाडी पट्टा उघडतो, सुरुवातीला हातभर रुंद, कडेला अजून काळंच. त्या पट्ट्यावर गाडी कोरड्यासारखी झुकते, फार छान वाटतं, आणि तेवढ्यात पुढचा जरा हळू असतो आणि त्याला आत घुसून ओव्हरटेक करायचा मोह होतो, तेव्हा पट्टा सोडून काळ्यावर जावं लागतं आणि नेमकं तिथेच ब्रेक दाबलेला असतो. माणसं आपटलेली मी बघितली आहेत ती बहुतेक अशी, धो धो पावसात नाही. धो धो पावसात सगळेच शहाण्यासारखे चालवतात हो. ओल्यात कर्बवर, म्हणजे वळणाच्या कडेच्या रंगवलेल्या पट्टीवर, तर जायचंच नाही, पावसाळ्यात झेब्रा क्रॉसिंगवर ज्याची स्कूटर सरकली आहे त्याला हे समजवायला लागत नाही.

सेशन, म्हणजे ट्रॅकवर फिरायची एक पाळी, पंधरा-वीस मिनिटांचं असतं. बाहेर आल्यावर मी पहिलं काय करते तर हेल्मेट काढायच्या आधी खाली बसून मागच्या टायरवर तळहात ठेवते. कोरड्यात हात ठेववत नाही इतका गरम असतो, कडेला रबराच्या बारीक सुरळ्या झालेल्या. भुरभुरीनंतर तोच टायर नुसता कोमट, सुरळ्या नाहीत, खाचेत पाणी. टायर तापला नाही तर ग्रिप कुठून येणार? कोरड्यासाठी सकाळी हवा कमी केलेली असते, कारण तापल्यावर प्रेशर आपोआप वाढतं, पण ओल्यात ते वाढतच नाही, मग मी पुन्हा हवा भरून एरवी रस्त्यावर ठेवतो त्या आकड्याच्या जवळ आणते म्हणजे खाचा नीट उघड्या राहतात. याच्यावर पॅडॉकमध्ये, म्हणजे ट्रॅकमागे गाड्या लावतो तिथे, भांडणं होतात, होऊ द्या. माझी गाडी, केटीएमची आरसी थ्री नाइंटी, खाचेच्या टायरवर असते म्हणून एवढं तरी जमतं. स्लिकवाले अशा वेळी निमूट खुर्चीत बसतात, स्लिकला खाचच नाही तर पाणी जाणार कुठे.

इथे कुणीतरी मोटोजीपी रेसर बिंडरचं नाव काढतंच. १५ ऑगस्ट २०२१, ऑस्ट्रिया, शेवटच्या काही लॅपमध्ये पाऊस, पुढचे सगळे पिटमध्ये गाडी बदलायला गेले आणि ब्रॅड बिंडर स्लिकवरच बाहेर राहिला, तीन सेकंदांची पेनल्टी लागूनही जिंकला. ग्रेटच. पण आपल्या पॅडॉकमध्ये त्या गोष्टीचा उपयोग लोक नको ते धाडस करायलाच करतात. तो वर्ल्ड चॅम्पियनशिपच्या पॉइंटसाठी चालवत होता, आपल्याला सोमवारी स्टँडअप मीटिंग आहे.

म्हणून मी त्या तासात लॅपच्या वेळेमागे लागत नाही. लॅप टायमर बंद, ओव्हरटेक नाही, एक गिअर वरचा, थ्रॉटल हळू उघडायचा, आणि दर लॅपला एकाच वळणात रेष वीतभर आत घेऊन बघायची की गाडी काय म्हणते. ताम्हिणीत हे शिकता येणार नाही, तिथे वळणापलीकडून एसटी येते. इथे सगळे एकाच दिशेने चाललेत, घसरलात तर पुढे मोकळी जागा आहे, अँब्युलन्स उभी आहे. घाटात पावसात ब्रेक लावणं माझं सुधारलं ते या मरतुकड्या सेशनमुळे, कोरड्यातल्या फास्ट लॅपमुळे नाही.

राहिला पैशाचा प्रश्न. पावसासाठी सहसा रिफंड नसतो, ट्रॅक तुंबला किंवा वीज कडाडायला लागली तर सेशन थांबवतात, बाकी दिवस चालू. बुक करायच्या आधी अटी वाचा. गाडीचा नेहमीचा इन्शुरन्स रेसिंग आणि स्पीड टेस्टिंगला लागू नसतो, तेव्हा पडल्यावरचा खर्च आपला आपणच. गाडीचे हप्ते चालू असतील आणि टायर स्लिकच असतील, तर जुलै सोडा, जानेवारीचं बुकिंग करा. आणि हेल्मेटची काळी व्हायझर घरी ठेवा, पारदर्शक न्या, आत धुकं न धरणारी.