मुक्कामी गाडी आणि आमचं भारमान

परवा गावात पर्यावरणाची मीटिंग होती, माझी वसुंधरा अभियानाची. मी आपला उशिरा पोचलो आणि आत जायच्या आधी सहज शाळेच्या गेटबाहेर लागलेल्या गाड्या मोजल्या. मोटरसायकली २७, आत माणसं ३४. गावातल्या गावात, मारुतीच्या देवळापासून शाळा किती लांब, तर फार फार तर अर्धा किलोमीटर! मीपण गाडीवरच आलेलो, उगाच शहाणपणा नको.

आत झाडं, ओला कचरा, भिंतीवरची चित्रं असं सगळं झालं. मग एका पोराने उठून सांगितलं की आपल्या रूटला इलेक्ट्रिक एसटी मागूया. १९४८ साली १ जूनला पहिली एसटी पुणे-नगर सुटली आणि २०२२च्या १ जूनला त्याच रस्त्यावर शिवाई, म्हणजे बॅटरीवरची गाडी धावली, हे त्याला तारखेसकट पाठ. टाळ्या पडल्या. आता आमच्या रोडचे खड्डे बघता शिवाईने काय पाप केलंय असं मला वाटलं पण बोललो नाही. माझ्या डोक्यात वेगळंच चाललं होतं, म्हणजे जी डिझेलची गाडी रोज येतेय तिच्यात तरी कोण बसतंय?

आमच्याकडे मुक्कामी गाडी येते. रात्री साडेआठला येणार, पारावर उभी राहणार, सकाळी साडेसहाला दहिवडीला, म्हणजे तालुक्याच्या गावाला जाणार. ड्रायव्हर-कंडक्टर ग्रामपंचायतीच्या खोलीत झोपतात, भाकरी-कालवण आळीपाळीने कुणाच्या तरी घरून जातं. आमची पाळी होती तेव्हा मी डबा घेऊन गेलो तर कंडक्टर तिकिटाचं मशीन मांडीवर ठेवून हिशोब करत बसलेले. म्हणलं काय म्हणतंय भारमान, म्हणजे गाडी कितीशी भरतेय? त्यांनी मशीन माझ्याकडे फिरवलं. नऊ. सकाळच्या फेरीला नऊ माणसं, त्यातल्या चार कॉलेजच्या पोरी पासवाल्या, दोन म्हातारी पंच्याहत्तरीच्या पुढची म्हणजे फुकट, उरलेल्या बायका हाफ तिकीट. पुरुष एकही नाही. "असंच राहिलं तर फेरी टिकायची नाही दादा," एवढंच म्हणाले आणि डबा उघडला.

हे झालं कसं ते सांगायला नको, आधी लॉकडाऊन, त्यातनं सावरतोय तोवर २०२१च्या दिवाळीपासून पुढच्या एप्रिलपर्यंत संप, तेवढ्या काळात ज्याला जमलं त्याने हप्त्यावर गाडी घेतली, ज्याला नाही जमलं तो वडापला, म्हणजे माणसं कोंबून नेणाऱ्या खाजगी जीपला लोंबकळला. एकदा दारात गाडी आली की साडेसहाला कोण उठतंय! चूक कुणा दुसऱ्याची नाही, आमचीच.

घरी येऊन मोबाईलवर हिशोब केला. दहिवडी आमच्यापासून धरा २० किलोमीटर. मोटरसायकल लिटरला ५० दिली तर एका खेपेला ४०० मिली पेट्रोल, आणि लिटरभर पेट्रोल जळलं की साधारण २.३ किलो कार्बन डायऑक्साइड, म्हणजे माणसामागे एक किलोच्या जरा खाली. एसटी लिटरला साडेचार धरली तर साडेचार लिटरच्या आसपास डिझेल, लिटरला २.६ किलोच्या पुढं, म्हणजे सगळे मिळून बारा किलो. आता गंमत बघा, गाडीत ४० जण असले तर माणसामागे ३०० ग्रॅम, एकदम स्वस्त. पण नऊच असले तर? सव्वा किलोच्या वर. म्हणजे आमची रिकामी एसटी मोटरसायकलींपेक्षा जास्त धूर सोडते! १३ माणसं बसली तर कुठं बरोबरी होते, त्याच्या पुढचं प्रत्येक माणूस नफा. डबलसीट जाणाऱ्यांचा हिशोब धरला तर आकडा २६वर जातो, पण तेवढं कशाला ताणायचं.

हे सगळं ग्रुपवर टाकलं. दोन अंगठे आले, एकाने विचारलं तुझी गाडी विकायची का. मग मी वॉटर कपची, म्हणजे पाणी फाउंडेशनच्या पाणी अडवायच्या स्पर्धेची आठवण काढली. २०१८ला ४५ दिवस सगळं गाव टिकाव-खोरं घेऊन डोंगरावर होतं, आपल्याच तालुक्यातली टाकेवाडी राज्यात पहिली आली, आपण कुठंच आलो नाही पण तेव्हा घातलेल्या ताली, म्हणजे बांध, अजून आहेत. तेव्हा उन्हात खांदलं, आता नुसतं बसायचंय, तेपण सीटवर.

ठरलं असं की निदान बाजाराच्या दिवशी एसटीनेच जायचं. पहिल्या आठवड्याला ३१ लोक, कंडक्टर खूश. दुसऱ्याला १९. तिसऱ्याला ११ आणि मग खरी अडचण बाहेर आली. कारण आळस नव्हता, निदान नुसता आळस नव्हता. वस्तीवरच्या माणसाला फाट्यापर्यंत तीन किलोमीटर चालायचं, डोक्यावर पालेभाजीचं गाठोडं, त्यापेक्षा पोराच्या गाडीवर सरळ बाजार गाठलेला काय वाईट? आणि येताना परतीची गाडी साडेपाचला, बाजार आटपतो तीनला, अडीच तास स्टँडवर माश्या मारत बसा.

पहिल्याचा तोडगा आमच्याच हातात होता. दूध गोळा करणारा टेम्पो तसाही सकाळी वस्त्यांवरून फिरतो, त्याच्यात गाठोडी यायला लागली. माणसं मागनं मोकळ्या हाताने चालत. म्हाताऱ्यांना पोरं फाट्यापर्यंत सोडतात आणि गाडी घेऊन परत. दुसऱ्यासाठी ग्रामसभेत ठराव घेतला, सह्या घेतल्या (सह्यांना माणसं कमी पडत नाहीत, बसायलाच पडतात), आगारात अर्ज दिला की बाजाराच्या दिवशी तरी फेरी चारला सोडा. दोन हेलपाटे झाले. गेल्या महिन्यापासून सव्वाचारला सुटते.

आज बाजार. सकाळी २४ होतो, मी मुद्दाम मागच्या सीटवर बसून मोजले, त्यात पुरुष सात. हे स्टँडवर बसून टाईप करतोय, शेजारी कोथिंबिरीची मोकळी पाटी आणि एक काकू, त्यांना वाटतंय मी कुणाशीतरी चॅटिंग करतोय. गाडी लागली बघा. लहानपणी अशी गाडी लागली की आम्ही खिडकीतनं रुमाल टाकून जागा धरायचो, मारामाऱ्या व्हायच्या. आज उठून निवांत चाललोय, रुमाल अजून खिशातच.