तुम्ही विचारलंत म्हणून: हिरवी रोपं का उपटता?

जुलैतल्या रविवारी पुण्यातल्या वेताळ टेकडीवर आम्ही दहा-बारा जण वाकून रोपं उपटत असलो, की फिरायला आलेलं कोणीतरी थांबतंच. मागच्या पावसाळ्यात एक आजोबा थांबले. काठी टेकून बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "ताई, हिरवंगार रोप मुळासकट उपटताय? पलीकडे अख्खा माळ उघडा पडलाय, तिथे चार झाडं लावायची सोडून?"

हाच प्रश्न शेजारी विचारतात, माझ्या भावाने विचारलाय, मुलांना टेकडीवर घेऊन येणाऱ्या शिक्षकांनीही विचारलाय. चिखलात उभ्या उभ्या त्याचं उत्तर नीट देता येत नाही, म्हणून आज लिहायला बसले.

आम्ही उपटतो ते गिरिपुष्प. मूळचं मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतलं. त्याची साल आणि बिया उंदरांना विषारी, म्हणून उंदीरमारी हेही नाव. नुसती फांदी खोचली तरी जगतं, गुरं सहसा तोंड लावत नाहीत. टेकड्या झटपट हिरव्या करायच्या होत्या, तेव्हा पुण्यात ते मुद्दाम लावलं गेलं आणि लावणाऱ्यांचा हेतू चांगलाच होता. उन्हाळ्याच्या तोंडावर पानं झडून गुलाबी फुलं येतात, त्यांवर मधमाश्या घोंगावतात. मलाही ते झाड तेव्हा सुंदर दिसतं. पण एप्रिल-मेच्या उन्हात शेंगा तडकतात, बी लांब उडतं, आणि पावसाळ्यात गवतातून त्याची रोपं वर येतात. काही वर्षांत सावली दाट होते. त्या सावलीत आमच्या माळाचं गवत टिकत नाही.

आणि आजोबा, तो माळ उघडा पडलेला नव्हताच.

पुण्यात वर्षाला साधारण ७०० मिलिमीटर पाऊस, तोही बहुतेक चार महिन्यांत. टेकडीवर काळा कातळ, त्यावर कुठे वीतभर माती, कुठे बोटभर. अशा जागी कुसळी, पवन्या, मारवेल ही गवतं हीच मूळ वस्ती. जिथे खडकाला भेग आहे, तिथे सालई, मेडशिंगी, गणेर. झाडं विरळ असणं हेच या जागेचं रूप. पण आपण त्याला नावं काय दिली? सातबारावर पोटखराबा, नकाशात पडीक, बोलण्यात ओसाड. सोलापूरजवळच्या नान्नजला माळढोकासाठी १९७९ साली अभयारण्य झालं. माळढोक हा उघड्या गवताळ माळाचा पक्षी, आणि त्याच्याही माळावर गिरिपुष्प लावलं गेलं.

हे मी दुसऱ्यांकडे बोट दाखवून सांगत नाहीये. २००४ च्या मे महिन्यात मी स्वतः याच टेकडीवर कुदळ घेऊन होते. आमच्या गटाने पावसाळ्यात लावायच्या रोपांसाठी गवताच्या मधोमध साठेक खड्डे खणले. दोन माळटिटव्या डोक्यावर सारख्या ओरडत घिरट्या घालत होत्या. आम्हाला वाटलं, पक्षी आहेत, ओरडणारच. तिसऱ्या दिवशी माझ्याच खड्ड्याच्या मातीच्या ढिगाखाली अंड्यांची फुटलेली कवचं सापडली. माळटिटवी घरटं बांधत नाही. खड्यांमध्ये खड्यांसारखीच दिसणारी अंडी घालते, आणि भर उन्हात पोटाची पिसं पाण्यात भिजवून आणून ती थंड ठेवते. हे मला नंतर कळलं. लावलेली रोपं पुढच्या उन्हाळ्यापर्यंत बहुतेक सगळी वाळली.

म्हणून मुलांना टेकडीवर आणतो, तेव्हा पहिला तास आम्ही काहीच लावायला देत नाही. आधी बघायचं. नोव्हेंबरात गवत सोनेरी झालं की कुसळीचं बी गोळा करतो. त्याला पुढे भाल्यासारखं टोक आणि मागे लांब, पीळ असलेली शेपटी. मी विचारते, "दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दिसतं, ही म्हण माहीत आहे ना? मग कुसळ कोणी पाहिलंय?" म्हण सगळ्यांना पाठ असते, कुसळ कोणीच पाहिलेलं नसतं. मग तळहातावर कुसळ ठेवून त्यावर पाण्याचा थेंब टाकायचा. पीळ सुटायला लागतो आणि बी गरागरा फिरतं. एक सहावीतली मुलगी घाबरून हात झटकत ओरडली, "ताई, हे जिवंत आहे!" पहिल्या पावसात हे बी असंच फिरत फिरत स्वतःला मातीत रोवून घेतं, हे सांगितल्यावर ती उरलेला सगळा वेळ जमिनीवर पालथी पडून होती. तिच्या मोज्यांतली कुसळं काढायला मला अर्धा तास लागला, आणि ती प्रत्येक कुसळ मोजून डबीत ठेवत होती.

तोडण्याबद्दलही सांगते, कारण त्यावर गैरसमज फार आहेत. मोठं झाड आम्ही परवानगीशिवाय तोडत नाही. पावसाने माती मऊ झाली की फक्त रोपं, तीही हाताने. एका वेळी लहानसा तुकडाच घेतो. पावसाळ्यात येणारा नवरंग पक्षी मी गिरिपुष्पाच्या गचपणातही पाहिलाय. त्याचा आसरा एका फटक्यात काढून घ्यायचा आम्हाला काय अधिकार? मोकळ्या झालेल्या तुकड्यात गवताचं बी टाकतो, उतारावर दगडांचे हातभर उंचीचे बांध रचतो. झाडं लावतोच, पण घळीत, जिथे माती साचली आहे तिथे, आणि इथलीच.

आजोबांना हे सगळं पटलं असं नाही. "सावली नको का माणसाला?" असं ते म्हणाले. मी त्यांना माझे २००४ चे खड्डे दाखवायला नेलं. वीस वर्षं झाली, तरी ओळखू येतात. भोवती गवत आहे, खड्ड्यांत मात्र खालचा मुरूम वर आलेला, तिथे काही धरत नाही. गेल्या दोन वर्षांत त्यातल्या बारा खड्ड्यांत आम्ही बाहेरून खरवडून आणलेली माती भरली आणि मुलांनी डब्यांतून जमवलेलं कुसळीचं बी टाकलं. पाच खड्ड्यांत ते आता गुडघ्याएवढं आहे.