फोनला काडीच नाही, मग संशोधन कशाचं?

लग्नात, बारशात, बेळगाव-निपाणी बसमध्ये शेजारी बसलेल्या बाईकडून, आणि मध्यंतरी तर बँकेतल्या कॅशियरकडूनसुद्धा मला हाच प्रश्न आला. "काय करता तुम्ही?" अँटेनावर संशोधन करते. मग समोरचा माणूस जरा थांबतो. "अहो, पण आता फोनला अँटेना असतो कुठं? पूर्वी काडी ओढून बाहेर काढायचो, ती पण गेली. मग तुम्ही संशोधन करता तरी कशाचं?"

एरवी "आत असतो हो" म्हणून मी विषय जेवणाकडं वळवते. तुम्ही मुद्दाम विचारलंत म्हणून जरा बैजवार सांगते.

आधी हातातला फोन कडेनं बघा. कड धातूची असेल तर दोन-चार ठिकाणी प्लॅस्टिकच्या बारीक रेघा दिसतील. त्या शोभेच्या नाहीत. तिथं धातू तोडलाय, आणि दोन रेघांमधला तुकडा हाच अँटेना. म्हणजे काडी गेलेली नाही, ती कडेला जाऊन बसलीय. कॉलचा वेगळा, वाय-फायचा वेगळा, जीपीएसचा वेगळा, असे पाच-सहा तरी अँटेना त्या एवढ्याशा फोनमध्ये दाटीवाटीनं राहतात, आणि वर आपण ते सगळं घामट मुठीत धरतो.

आता अँटेनाला काडीच का लागते, आणि ती केवढी लागते, ते.

माझे आजोबा निपाणीला तंबाखूच्या वखारीत दिवाणजी होते. संध्याकाळी घरी आले की कातडी वेष्टनातला ट्रान्झिस्टर खिडकीत ठेवून सांगली केंद्र लावायचे, आणि लावताना रेडिओचं तोंड बरोबर उत्तरेकडं करायचे. "सांगलीकडं तोंड केल्याशिवाय सांगली बोलत नाही बघ." मला वाटायचं, देवाला तोंड करून बसतात तसलंच काहीतरी असणार. पुढं कॉलेजात असताना तोच बंद पडलेला रेडिओ मी स्क्रूड्रायव्हरनं उघडला. आत वीतभर लांबीची एक काळी कांडी, दिसायला पाटीवरच्या पेन्सिलीसारखी, पण जाड, आणि तिच्यावर तांब्याची केसासारखी तार गुंडाळलेली. ती फेराइट या चुंबकीय पदार्थाची कांडी रेडिओच्या लांबीला आडवी बसवलेली होती. लाट जिकडून येते तिच्याशी कांडी आडवी धरली की लाटेचं चुंबकीय क्षेत्र कांडीच्या लांबीतून जातं आणि आवाज मोठा येतो. कांडीचं टोक केंद्राकडं केलं की आवाज बसतो. निपाणीहून सांगली उत्तरेला, किंचित पूर्वेकडं कललेली. म्हणजे आजोबांचं गणित चोख होतं, फक्त त्यांनी ते कागदावर मांडलं नव्हतं.

सांगली केंद्र तेव्हा १२५१ किलोहर्ट्झवर, म्हणजे १.२५१ मेगाहर्ट्झवर. लाटेची लांबी काढायचा हिशेब तोंडी होतो: ३०० ला मेगाहर्ट्झच्या आकड्यानं भागायचं, उत्तर मीटरमध्ये येतं. ३०० भागिले १.२५१, म्हणजे जवळजवळ २४० मीटर. आमच्या अख्ख्या गल्लीहून लांब लाट, आणि धरायला वीतभर कांडी! हे जमतं कसं? कांडी अगदीच दुबळी असते, पण मीडियम वेव्हवर विजांचा, यंत्रांचा खरखराटच एवढा असतो की कार्यक्रम आणि खरखर दोन्ही सारखेच बारीक होऊन आत येतात, आणि रेडिओ दोन्ही मोठे करतो. ऐकणाऱ्याचं भागतं. बोलणाऱ्याचं भागत नाही. प्रक्षेपणाला उंच मनोराच उभा करावा लागतो. लाटेच्या पाव ते अर्ध्या लांबीचा अँटेना असला की तो मनापासून काम करतो. त्याहून लहान केला की कुरकुर सुरू.

नंतर कौलांवर दूरदर्शनचे अँटेना आले. "आलं का?" "आलं, आलं, गेलं!" हे तुम्हालाही आठवत असेल, म्हणून सांगत बसत नाही. पण त्या काड्यांकडं कधी नीट बघितलंत का? २०० मेगाहर्ट्झला लाट दीड मीटरची, म्हणून काड्या पाऊण मीटरच्या आसपास. टीव्हीची वायर जोडलेली असायची फक्त एका वाकवलेल्या काडीला. तिच्या मागची किंचित लांब, ती आरशाचं काम करते. पुढच्या किंचित आखूड, त्या लाटेला वाट करून देतात. बाकीच्या काड्यांना वायर नाही, बॅटरी नाही, नुसत्या लांबीच्या फरकावर सगळं चालतं. १९२६ च्या सुमाराला जपानमध्ये तोहोकू विद्यापीठात शिन्तारो उदा आणि हिदेत्सुगु यागी यांनी हे काढलं. जपानी सैन्यानं मात्र त्याकडं फारसं लक्ष दिलं नाही. १९४२ साली सिंगापूरला ब्रिटिशांच्या रडारची टिपणं जपान्यांच्या हाती लागली. त्यात जागोजागी 'यागी' हा शब्द होता, आणि तो कुणाला कळेना. शेवटी पकडलेल्या ब्रिटिश तंत्रज्ञानंच सांगितलं की अहो, हे तुमच्याच प्राध्यापकाचं नाव आहे. पिकतं तिथं विकत नाही, दुसरं काय.

लांबीचा हा हट्ट मला खऱ्या अर्थानं कळला तो बेळगावच्या उद्यमबागेत, कारखान्यांच्या वसाहतीत. एमटेकला असताना दहा गिगाहर्ट्झसाठी वेव्हगाइड हवा होता. वेव्हगाइड म्हणजे लाट वाहून नेणारी चौकोनी नळी, आतून २२.८६ बाय १०.१६ मिलिमीटर. तयार घ्यायला पैसे नव्हते, म्हणून एका वर्कशॉपमध्ये ॲल्युमिनियमच्या दोन फाका मिलिंग करून जोडायचं ठरलं. मिस्त्रींनी ड्रॉइंग चष्म्याच्या खालून बघितलं. "ताई, पाइप आतनं एवढा गुळगुळीत कशाला? पाणी जाणार आहे काय ह्यातनं?" म्हटलं, पाणी नाही मामा, लाट जाणार. आणि ती धातूच्या आतल्या अंगाला जेमतेम एका मायक्रॉनएवढ्या थरातूनच वाहते, टूलचे ओरखडे राहिले तर तिला अडखळायला होतं. "आणि रुंदी अर्धा मिली कमी झाली तर?" तर आमच्या कामाची फ्रिक्वेन्सी हलेल. आणि याच मापाच्या नळीत साडेसहा गिगाहर्ट्झच्या खालची लाट कितीही जोर लावला तरी शिरत नाही, दारातूनच परत फिरते. मिस्त्री हसले. "म्हणजे आमच्या सासूबाईंसारखी." नळी मात्र त्यांनी अशी काढून दिली की आजही प्रयोगशाळेत वापरात आहे.

तर संशोधन कशाचं, याचं सरळ उत्तर: लांबीशी घासाघीस करण्याचं. फोन लहान, घड्याळ त्याहून लहान, कानातलं यंत्र त्याहून लहान. लाट मात्र आपली लांबी सोडत नाही. मग काडीला वळणं घालायची, दुमडायची, सर्किट बोर्डावर तांब्याचा ठिपका काढून त्यात खाचा पाडायच्या. या घासाघिशीला तळ आहे, आणि तो १९४८ साली एल. जे. चू या संशोधकांनी दाखवून दिला. अँटेना मावेल एवढा एक काल्पनिक गोल धरा. लाटेच्या मानानं हा गोल जितका लहान, तितका फ्रिक्वेन्सीचा पट्टा, म्हणजे ज्या फ्रिक्वेन्सींवर अँटेना नीट चालतो ती रुंदी, अरुंद होत जातो. पट्टा रुंद पाहिजेच असेल तर कार्यक्षमता सोडायची, म्हणजे दिलेली शक्ती बाहेर न जाता आतच ऊब होऊन संपते. आकार, पट्टा, कार्यक्षमता. तिन्ही मनासारखे कुणालाच मिळत नाहीत.

आता जरा आमच्याच लोकांविरुद्ध बोलते. दरवर्षी शेकड्यानं पेपर निघतात: फुलपाखराच्या आकाराचा अँटेना, इंग्रजी अक्षराच्या आकाराचा, पानाच्या आकाराचा. एवढासा आकार, आणि पट्टा म्हणे भला रुंद. आलेखही सुंदर, अँटेनाला दिलेली शक्ती परत येतच नाही. पण परत येत नाही म्हणजे बाहेर गेली असं थोडंच आहे? पन्नास ओहमचा साधा रेझिस्टर, म्हणजे आलेली वीज नुसती ऊब करून संपवणारा भाग, जोडा. त्याचा आलेख सगळ्यात सुंदर येतो, आणि तो हवेत काहीच सोडत नाही. स्वस्तातल्या हिरव्या बोर्डवर केलेले बरेचसे 'चमत्कार' या रेझिस्टरचेच चुलतभाऊ असतात. मीही असे दोन पेपर लिहिलेत, म्हणून अधिकारानं सांगते.

त्यातलाच एक अँटेना घेऊन मी माझ्या मामाच्या शेतात गेले. वेदगंगेच्या काठाला साडेतीन एकर ऊस. मातीतली ओल मोजायची, अँटेना बसवलेल्या डबीनं ती ८६६ मेगाहर्ट्झवर घराच्या छतावरच्या गेटवेला, म्हणजे सगळ्या डब्यांचं ऐकून पुढं इंटरनेटवर पाठवणाऱ्या यंत्राला, कळवायची, आणि मामांनी फोनवर बघून पाणी सोडायचं, असा बेत. (घर म्हणजे तेच, जिथं रोमिंगचे पैसे पडायच्या काळात सोप्यात कर्नाटकाचा टॉवर लागायचा आणि परड्यात कागलकडचा महाराष्ट्राचा. मामी फोन घेऊन परड्यात निघाल्या की मामा आतून ओरडायचे, "पैसे पडायलेत बघ!") ८६६ ला लाट साडेचौतीस सेंटिमीटरची. सरळ पाव लांबीची काडी घेतली असती तर पावणेनऊ सेंटिमीटर. मी ती वळणं घालून तीन सेंटिमीटरच्या बोर्डात बसवली होती, आणि त्याचा मला फार अभिमान होता.

लावण झाल्यावर काही महिने सगळं झकास चाललं. मग ऊस डोक्याच्या वर गेला आणि डब्या एकेक करून मुक्या व्हायला लागल्या. आधी फक्त पहाटे, दव असताना. दुपारी पानं वाळली की परत हजर. पुढं पुढं दुपारीही नाहीत. उसाचं पान म्हणजे पाण्यानं भरलेली पट्टी, आणि मी शेकडो पट्ट्यांच्या आत गुडघ्याएवढ्या खुंटीवर डबी ठेवली होती. त्यात पाणी पाजलं की खालची ओली माती अँटेनाची फ्रिक्वेन्सी थोडी खाली ओढायची. काडी पुरेशी लांब असती तर पट्टा रुंद राहिला असता, आणि तेवढं सरकणं खपून गेलं असतं. माझ्या लाडक्या तीन सेंटिमीटरचा पट्टा इतका अरुंद, की तेवढ्यानंच तो रुळावरून उतरायचा. चू साहेबांचा नियम मी वर्गात दहा वर्षं शिकवला होता. चिखलात उभी राहून तो पहिल्यांदा बघितला.

मामा बांधावर बसून तंबाखू मळत होते. "एवढीशी डबी कशाला केलीस गं?"

"लहान अँटेना, मामा. तेच तर संशोधन."

"व्हय. पण उसात कुणाच्या खिशात ठेवायचीय ती?"

मला उत्तर सुचलं नाही. दुसऱ्या दिवशी आम्ही पंधरा फुटी बांबू आणले, टोकाला डबी आणि अर्ध्या लांबीचा, सव्वासतरा सेंटिमीटरचा उभा अँटेना बांधला, आणि ओल मोजणारी वायर खाली मातीत सोडली. सगळ्या डब्या बोलायला लागल्या. पेपर पाठवला तर परत आला, शेरा होता: यात नावीन्य काय? शेऱ्यात तसं खोटं काही नव्हतं. सध्या मी आणि माझे विद्यार्थी ऊस गुडघ्याएवढा असताना, कमरेएवढा असताना, तुऱ्यावर आल्यावर, दवात आणि कोरड्यात, लाट दर मीटरला किती मरते ते मोजत असतो. कंटाळवाणं काम आहे. फुलपाखरू वगैरे काही नाही त्यात.

गेल्या तोडीला टोळीनं उसाबरोबर दोन बांबूही आडवे केले. म्हणून आता प्रत्येक बांबूला वर लाल फडकं बांधलंय. मामा म्हणतात, फडक्यानं रेंज वाढली. मी मोजून बघितलं. वाढलेली नाही.