गल्लीतली मांजरं आणि गल्लीतल्या भिंती

घरी फोन केला की आईचा एक प्रश्न ठरलेला असतो, "मांजर पाळलंस की नाही अजून?" मी पाठवलेल्या प्रत्येक फोटोत वेगळंच मांजर दिसतं, त्यामुळे तिचा हिशोब लागत नाही. इस्तंबूलमध्ये राहायला आल्यापासून मांजर पाळावंसं वाटलेलं नाही, कारण तशी गरजच पडत नाही. आमच्या गल्लीत बरीच मांजरं आहेत. पिवळं पट्टेरी असेल ते सारमान, करड्या पट्ट्यांचं असेल ते तेकिर, आणि सगळ्यांना मिळून एकच हाक, "पिसी पिसी!" खालच्या मजल्यावरच्या आजी सकाळी खाणं टाकतात, औषधांच्या दुकानातली मुलगी पाणी भरून ठेवते, आणि थंडीच्या आधी कुणीतरी थर्माकोलच्या खोक्याला दार कापून त्यात जुनी सतरंजी अंथरतं. हे "कुणीतरी" कोण, ते मला अजून कळलेलं नाही.

मी राहते येल्देइर्मेनीत. बॉस्फरस सामुद्रधुनीच्या आशियाई बाजूच्या कादिकॉयमधला हा जुना भाग. युरोपीय बाजूच्या एमिनोन्यूहून फेरीबोट धरायची, चहा पीत वीसेक मिनिटांत उतरायचं आणि चढावर चालत निघायचं. वाटेत मासळीबाजार लागतो. तिथली मांजरं अंगापिंडानं चांगली भरलेली. चहाच्या टपरीवर खुर्चीत मांजर झोपलेलं असेल तर गिऱ्हाईक दुसरी खुर्ची शोधतं. मांजराला उठवणारा माणूस मी इथे तरी पाहिलेला नाही.

या लाडाचा कळस म्हणजे तोंबिली. कादिकॉयच्याच झिवेरबेय भागातलं हे गुबगुबीत मांजर फुटपाथच्या पायरीवर एक कोपर टेकून बसायचं, अगदी दुपारी जेवून ओट्यावर रेललेल्या आजोबांसारखं. त्याचा तसा फोटो जगभर फिरला. 2016 च्या ऑगस्टमध्ये ते गेलं. लोकांनी सह्या गोळा केल्या आणि 4 ऑक्टोबरला, जागतिक प्राणी दिनाच्या दिवशी, त्याच जागी त्याच पोझमध्ये कांस्याचा पुतळा बसला. महिनाभरानं पुतळा चोरीला गेला, मग गाजावाजा झाला आणि तो परतही आला. आमच्याकडे पाहुणे आले की आया सोफियाच्या आधी ते तोंबिलीकडे न्या म्हणतात. मला त्यात काही वावगं वाटत नाही.

ही माया नवी नाही. ऑटोमन काळात रस्त्यावरच्या प्राण्यांसाठी मांस विकणारे फेरीवाले असत. पुण्य करायचं असेल तर त्यांच्याकडून घ्यायचं आणि टाकायचं. उस्कुदारला आयाझ्मा मशीद आहे, अठराव्या शतकातली. तिच्या भिंतीवर, माणसाचा हात पोचणार नाही इतक्या उंचीवर, दगडात कोरलेली पक्ष्यांची घरं आहेत. साधी भोकं नाहीत हं, छपरं आणि खिडक्या असलेले छोटे वाडेच. चिमण्यांसाठी एवढी नक्षी करणाऱ्या कारागिराला मजुरी कुणी दिली असेल, असा खास आपल्याकडचा प्रश्न मला तिथे पडला.

कुत्र्यांची गोष्ट मात्र इतकी गोड नाही. 1910 मध्ये इथल्या सरकारनं शहर "आधुनिक" करायचं ठरवलं आणि हजारो भटकी कुत्री पकडून मार्मारा समुद्रातल्या सिव्रीआदा या उजाड बेटावर नेऊन सोडली. तिथे ना अन्न, ना प्यायला पाणी. त्यांचं विव्हळणं वाऱ्याबरोबर शहरापर्यंत ऐकू यायचं, असं सांगतात. पुढे बाल्कन युद्धात हार झाली तेव्हा हा त्याच पापाचा शाप, असं कितीतरी लोकांना वाटलं. शंभर वर्षांहून जुनी ही गोष्ट इथे अजून काल घडल्यासारखी सांगतात.

आणि आता ती पुन्हा निघते आहे. 2004 च्या कायद्यानं पालिकांनी कुत्री पकडायची, नसबंदी करायची, लस टोचायची आणि उचलली तिथेच परत सोडायची, अशी पद्धत होती. आपल्याकडच्यासारखीच. फरक इतकाच की आपल्याकडे नसबंदी झालेल्या कुत्र्याच्या कानाला छोटा काप देतात आणि इथे कानात प्लास्टिकचा बिल्ला लावतात. 2024 च्या जुलै महिन्याच्या शेवटी संसदेनं कायदा बदलला. आता पालिकांनी कुत्री उचलून निवाऱ्यात ठेवायची. आक्रमक किंवा बऱ्या न होणाऱ्या आजाराच्या कुत्र्यांना मारण्याचीही मुभा आहे. देशात भटकी कुत्री सुमारे 40 लाख, असा सरकारचा अंदाज. पुरेसे निवारे बांधायला पालिकांना 2028 अखेरपर्यंत मुदत आहे. म्हणजे उचलायचं आज आणि ठेवायची जागा नंतर. लोक रस्त्यावर उतरले ते यावरच.

ऑगस्ट 2025 मध्ये आपल्या सर्वोच्च न्यायालयानं आधी दिल्लीतली सगळी कुत्री उचला म्हटलं आणि काही दिवसांतच तो आदेश बदलला, तेव्हा माझ्या फोनवर पुण्यातल्या सोसायटीचा ग्रुप आणि इथल्या इमारतीचा ग्रुप एकाच वेळी पेटले होते. भाषा वेगळी, भांडण तेच. चावा घेतलेल्या मुलाच्या आईला "प्राण्यांवर प्रेम करा" असं सांगणं मला जमत नाही. पण नसबंदीचं काम नीट केलंच नाही आणि आता पद्धतच फसली म्हणायचं, हेही पटत नाही. मांजरांना मात्र या भांडणात कुणी ओढत नाही. मांजर चावून कुणाचा पाय धरत नाही, हे त्यांचं नशीब.

2021 मध्ये इथे बोजी नावाचा कुत्रा गाजला होता. तपकिरी, मोठा, गंभीर चेहऱ्याचा. फेरीबोट, ट्राम, मेट्रो, सगळीकडे स्वतःच चढायचा आणि स्वतःच उतरायचा. पालिकेनं त्याला ट्रॅकर लावला तेव्हा कळलं की हा गडी दिवसाला तीस-तीस किलोमीटर फिरतो. मग एक दिवस ट्रामच्या सीटवर घाण सापडली आणि बोजीवर आळ आला. कॅमेऱ्याचं चित्रण पाहिलं तर एक माणूस खिशातून ती घाण काढून सीटवर ठेवताना दिसला! पुढे एका उद्योजकानं बोजीला दत्तक घेतलं.

भिंतींचंही इथे असंच असतं, त्या सगळ्यांच्या आणि म्हणून भांडणाच्या. 2013 च्या ऑगस्टमध्ये, गेझी पार्क वाचवण्यासाठी पेटलेल्या सरकारविरोधी आंदोलनाला काही आठवडेच झाले होते. वनखात्यातून निवृत्त झालेले इंजिनिअर हुसेयिन चेतिनेल यांनी फिंदिक्लीहून जिहांगीरकडे चढणारा लांबलचक जिना स्वखर्चानं इंद्रधनुष्याच्या रंगांत रंगवला. त्यांचं म्हणणं साधं होतं, लोकांनी हसावं. एका रात्रीत पालिकेनं तो पुन्हा करड्या रंगानं पोतला. मग काय, गावोगावचे लोक आपापले जिने रंगवायला निघाले आणि पालिकेला तोच जिना पुन्हा रंगवून द्यावा लागला. चढताना अजून दमछाक होतेच, रंगानं उतार कमी होत नाही.

आमच्या येल्देइर्मेनीत 2012 पासून पालिकेच्याच मदतीनं म्युरल महोत्सव सुरू झाला. इटलीच्या पिक्सेल पांचोसारखे बाहेरचे चित्रकारही येऊन गेले. चित्रं बहुतेक इमारतींच्या आंधळ्या बाजूवर आहेत, म्हणजे जिथे खिडकी नाही अशी पाच-सहा मजली सपाट भिंत. खाली, हाताला पोचेल तिथवर, पोरांनी स्प्रेनं ओढलेल्या सह्या, फेनेरबाचे या इथल्या फुटबॉल क्लबच्या घोषणा, कुणाचं तरी प्रेम. वरच्या चित्राला परवानगी आहे आणि खालच्याला नाही, हे मला माहीत आहे. पण गल्लीतल्या बातम्या खालच्या पट्ट्यातच वाचायला मिळतात.

या भिंतींचा आता भरवसा राहिलेला नाही. 1999 चा भूकंप इथे कुणी विसरलेलं नाही, आणि 2023 च्या फेब्रुवारीत आग्नेय तुर्कस्तानात झालेल्या विध्वंसानंतर तर जुन्या इमारती पाडून नव्या बांधायची घाई वाढली आहे. ती घाई योग्यच आहे, मीही रात्री त्याच भीतीनं दचकते. पण शेजारची इमारत उंच झाली की आंधळी भिंत झाकली जाते आणि चित्र तिच्यामागे जातं. इमारत पाडली की तळघरात राहणारी मांजरं उघड्यावर येतात.

आमच्या समोरची इमारत रिकामी झाली आहे. पत्रे लागायच्या आधी आजींनी ठेकेदाराच्या माणसाला गाठून तिथली मांजरांची खोकी आमच्या जिन्याखाली आणून ठेवायला लावली. तिसऱ्या मजल्यावरच्या काकांनी ग्रुपवर लगेच लिहिलं, "जिन्यात वास येतो." आजी त्यांना उत्तर देत नाहीत. रोज सकाळी साडेसातला, काका कामाला निघतात नेमक्या त्याच वेळी, आजी जिन्याखाली हामसी या छोट्या माशांचं ताट ठेवतात.