आमची वाटचाल : नियम सांगणाऱ्या पोरांच्या पाठीशी

वॉटर पार्क, अम्युझमेंट पार्क आणि मोठ्या रिसॉर्टना लागणारी माणसं तयार करून देणं हा आमचा व्यवसाय. राइड ऑपरेटर, लाइफगार्ड, तिकीट खिडकी आणि लॉकर सांभाळणाऱ्या मुली, गेटवरचे सुरक्षारक्षक, सगळ्यांचं प्रशिक्षण आम्ही करतो. ऑफिस नाशिकच्या पाथर्डी फाट्याला, दोन खोल्यांचं. खरा वर्ग मात्र पार्कातच भरतो, सकाळी गेट उघडायच्या आधी.

सुरुवात कोरोनाच्या दोन-तीन वर्षं आधीची. मी तेव्हा एका हॉटेलात फ्रंट ऑफिस सांभाळत होते आणि मिस्टर अंबड एमआयडीसीत मेंटेनन्सला होते. ओळखीतल्या एका पार्कमालकांनी विचारलं, “ताई, पोरं कामाला वाघ आहेत, पण पब्लिकने आवाज चढवला की गप्प होतात. जरा बोलायला शिकवता का?” आम्ही दोघं सुट्टीच्या दिवशी जाऊन बघायला लागलो. त्र्यंबक, पेठ, दिंडोरीकडची पोरं होती ती, बोलायला काही कमी नव्हती. त्यांना नियम पाठ होते, पण कुठला नियम कशासाठी, हे कुणी सांगितलेलंच नव्हतं. समोरच्याने “का नाही?” विचारलं की त्यांच्याजवळ उत्तर नसायचं, आणि उत्तर नसलेला माणूस एक तर गप्प बसतो नाही तर खेकसतो.

म्हणून आमचा पहिला धडा मशीनजवळ झाला आणि तो मिस्टरांनी घेतला. दोन माणसांच्या सीटवर एकच दांडी, म्हणजे लॅप बार, मांड्यांवर येतो. त्यांनी एका आडव्या बांध्याच्या पोराला बसवलं, शेजारी लहान मुलाच्या मापाची पोती ठेवली आणि दांडी खाली ओढली. ती मोठ्याच्या मांडीवर अडली. पोत्यावर मात्र हात सहज आत जाईल एवढी फट राहिली. पोरं बघतच राहिली. राइडला वयाची अट नसून उंचीची का असते, हे त्या फटीने एका मिनिटात शिकवलं. “सात वर्षांचा आहे हो तो” म्हणणाऱ्या वडिलांना काय सांगायचं, हा प्रश्न त्यानंतर त्या बॅचला पडला नाही.

१९५५ साली अमेरिकेत डिस्नेलँड सुरू झालं, आणि तेव्हापासून त्यांनी कर्मचाऱ्यांच्या प्रशिक्षणाला स्वतंत्र विभाग ठेवला. तिथे वर्षानुवर्षं चार गोष्टी क्रमाने शिकवल्या गेल्या : आधी सुरक्षितता, मग अदब, मग देखावा आणि सगळ्यात शेवटी कामाचा झपाटा. अलीकडे त्यात सर्वांना सामावून घेण्याची भर पडली. मला त्यातला क्रम फार मोलाचा वाटतो. रविवारी दुपारी रांग गेटपर्यंत गेली की सुपरवायझर ओरडतो, “सोड रे गाडी!” अशा वेळी पोराला मनातल्या मनात माहीत हवं की झपाट्याचा नंबर शेवटचा आहे. प्रत्येक दांडी हाताने वर ओढून बघायची, नुसती नजर टाकून चालत नाही. दोन्ही टोकांच्या पोरांनी अंगठा दाखवल्याशिवाय पॅनेलवरच्याने बटण दाबायचं नाही. पाहुण्याला वाट दाखवताना एक बोट रोखायचं नाही, पूर्ण पंजा वापरायचा, हेही तिथलंच. आपल्याकडे मोठ्या माणसाकडे बोट दाखवलेलं चालत नाही, त्यामुळे ते पोरांना लगेच पटतं.

बोलण्याचे धडे मी घेते. नकार देताना तीन गोष्टी यायला हव्यात : काय होणार नाही, का होणार नाही, आणि त्याऐवजी काय होऊ शकतं. “काका, छोट्याची उंची या राइडला कमी पडते. दांडी त्याला धरणार नाही, म्हणून मी बसवू शकत नाही. समोरच्या ट्रेनला चला, तिथल्या ताईंना मी सांगतो.” शेवटचं वाक्य मुलाकडे बघून, खाली वाकून बोलायचं. मूल हसलं की बापाचा राग निम्मा उतरतो. “ओळखतोस का मला?” असं कुणी विचारलं तर ओळखीच्या गोष्टीत शिरायचंच नाही. “साहेब, इकडे सावलीत या, मी सुपरवायझरना बोलावतो,” म्हणायचं आणि माणसाला रांगेपासून बाजूला न्यायचं. चार लोक बघत असले की माणसाला माघार घेता येत नाही, बाजूला नेलं की घेता येते.

उंची मोजायची पट्टी अनेक ठिकाणी राइडच्या पायरीशी असायची. पाऊण तास उन्हात उभं राहून आलेल्या कुटुंबाला तिथे परत पाठवलं तर भांडण होणारच. आम्ही ती पट्टी रांग सुरू होते तिथे लावायला सांगतो, आणि वर पुन्हा एकदा बघतो. या एका बदलाने जेवढी भांडणं थांबली, तेवढी माझ्या सगळ्या वाक्यांनी मिळून थांबली नसतील.

पण पोराने नाही म्हटलं आणि मॅनेजरने मागून येऊन “जाऊ दे रे, ओळखीचे आहेत” म्हटलं, तर सगळं शिकवणं वाया जातं. म्हणून आमच्या करारात एक कलम असतं : राइडवर उभ्या असलेल्या ऑपरेटरने सुरक्षिततेसाठी दिलेला नकार मालकासकट कुणीही फिरवायचा नाही. एका ठिकाणी हे कलम सही करूनही पाळलं गेलं नाही. आम्ही ते काम सोडलं. त्या उन्हाळ्यात पैशांची ओढाताण झाली, पण पोरांसमोर उभं राहायचं तर दुसरा रस्ताच नव्हता.

पाण्यातलं काम वेगळं. वैतरणेत, विहिरीत पोहत वाढलेली आमची पोरं शहरातल्या कुठल्याही मुलापेक्षा सरस पोहतात. पण पोहणं आणि पाणी बघणं यांत फरक आहे. बुडणारा माणूस बहुतेक वेळा ओरडत नाही, हात हलवत नाही. तोंड पाण्याच्या वर-खाली होतं आणि शेजारच्याला वाटतं, खेळतोय. लाइफगार्डच्या कामात जगभर १०/२० चा दंडक प्रसिद्ध आहे : आपल्या वाट्याचं पाणी १० सेकंदांत नजरेखालून काढायचं आणि अडचणीतल्या माणसापर्यंत पुढच्या २० सेकंदांत पोचायचं. आम्ही वेव्ह पूलमध्ये, म्हणजे लाटांच्या तलावात, न सांगता माणसाच्या आकाराचा पुतळा गुपचूप सोडतो आणि घड्याळ लावतो. अर्ध्या तासाच्या आत जागा बदलून देतो, कारण उन्हात पाण्याच्या चकाकीवर नजर त्याहून जास्त वेळ टिकत नाही. श्वास आणि हृदय थांबलेल्या माणसाची छाती दाबण्याचा वेग मिनिटाला १०० ते १२०, हे हाताला सवयीचं होईपर्यंत करून घेतो. त्यातच १०८ ला फोन कुणी लावायचा, रुग्णवाहिकेला कुठल्या गेटने आत घ्यायचं, हेही नावानिशी ठरवून ठेवतो.

सगळ्यात नाजूक काम लेडीज कॉस्च्युम काउंटरवरचं. सुती कपड्यांचे धागे फिल्टरमध्ये अडकतात, भिजलेली साडी अंगाला जड होते, स्लाइडवर पायांत गुंतते. हे समजावून सांगायला मुलगीच लागते. मंगळसूत्र काढा म्हटलं की मालेगाव, चांदवडकडच्या कितीतरी बायकांचा चेहरा पडतो. आमची एक मुलगी म्हणते, “मावशी, काढू नका, फक्त कॉस्च्युमच्या आत घ्या आणि वरून झिप लावा. पिना, बांगड्या तेवढ्या लॉकरला ठेवू. आणि मोठ्या स्लाइडला जायचं असेल तर मात्र तेवढ्यापुरतं माझ्याकडे द्या, मी पाकिटावर तुमचं नाव लिहून ठेवते.” बायका देतात. नाव लिहिलेलं पाकीट डोळ्यांना दिसतं, म्हणून देतात.

हरवलेल्या मुलाचं नाव आम्ही माइकवर पुकारू देत नाही. नाव ऐकून कुणीही पुढे येऊ शकतं. शोधत आलेल्याने मुलाचे कपडे सांगायचे, मुलाने त्याला ओळखायचं, तोपर्यंत दोन कर्मचारी मुलाजवळ, त्यात एक बाई. आमच्या मुलींसाठीही नियम तितकेच कडक आहेत : रेन डान्सला एकटी मुलगी ड्यूटीला नाही, आणि ज्या पार्कात कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याप्रमाणे अंतर्गत तक्रार समिती नाही, तिथे आम्ही मुली पाठवत नाही.

२०२० च्या मार्चमध्ये पार्क बंद झाले तेव्हा आम्हीही बंद. मिस्टर पुन्हा एमआयडीसीत गेले, मी मास्क शिवून दिले. पार्क उघडले तेव्हा जुन्या पोरांपैकी बरीच द्राक्षबागांच्या कामात रमली होती, आणि त्यांना परत बोलावताना मजुरीचा हिशेब आधी मांडावा लागला. आजही आमचं वेळापत्रक बागांवरच चालतं. पार्कांचा हंगाम एप्रिल ते जून, आणि द्राक्षवेलींची खरड छाटणीही एप्रिलचीच. जानेवारीतच बोलणी केली नाहीत तर माणूस मिळत नाही.

सध्या विचारणा होतेय ती सिंहस्थ कुंभमेळ्यासाठी. हॉटेलवाले, पार्किंगचे ठेकेदार, भक्तनिवास चालवणारे येतात. गर्दीतलं आमचं शिक्षण रांगेवर झालं, पण गर्दीची मूळ गोष्ट तीच : मागच्याला पुढे काय झालंय ते दिसत नाही, तो ढकलतच राहतो. २७ ऑगस्ट २००३ ला नाशिकच्याच शाहीस्नानात ३९ भाविक चेंगराचेंगरीत गेले. इथल्या प्रत्येक माणसाला तो दिवस माहीत आहे. त्यामुळे नव्या वर्गात बोलण्याच्या आधी मी उभं कुठे राहायचं ते शिकवते : प्रवाहाच्या मध्ये नाही, कडेला उंचावर, मागच्यांना दिसेल असं, आणि पुढचा रस्ता अडला की आधी मागचं टोक थांबवायचं. पहिली बॅच दिंडोरी आणि पेठच्या पोरांची घेतोय, बागांची कामं उरकून ती मोकळी होतील तेव्हा.