भाकितांची वही: बरोबरीचा हिशेब

2026 च्या फुटबॉल विश्वचषकाच्या साखळी फेरीतील 72 सामन्यांपैकी 61 सामन्यांची भाकिते काल रात्री माझ्या वहीत पेन्सिलीने लिहून झाली आणि त्यांत प्रथमच तब्बल 17 बरोबऱ्या आहेत. हा आकडा मी मुद्दाम आधी सांगतो, कारण गेल्या दोन मोठ्या स्पर्धांमध्ये माझे सर्वाधिक गुण बुडाले ते बलाढ्य संघ हरल्यामुळे नव्हे, तर कुणीच न जिंकल्यामुळे.

आमचा नियम साधा आहे. अचूक गोलसंख्या सांगितल्यास 3 गुण, केवळ विजेता किंवा बरोबरी ओळखल्यास 1 गुण, आणि सामन्याच्या आदल्या संध्याकाळनंतर खाडाखोड नाही. पैशांचा व्यवहार आम्ही ठेवलेला नाही. शेवटच्या क्रमांकावर येणाऱ्याने अंतिम सामन्यानंतरच्या रविवारी सर्वांना मिसळ द्यायची, एवढीच पैज. इंदिरानगरच्या आमच्या इमारतीतील पाच जण हे खेळतात आणि त्यांत सर्वांत ज्येष्ठ आहेत ते नाशिकरोडच्या नोटांच्या छापखान्यातून निवृत्त झालेले शेजारचे काका.

2022 च्या कतारमधील स्पर्धेत साखळीच्या 48 सामन्यांत मला 144 पैकी 36 गुण मिळाले. अर्जेंटिना सौदी अरेबियाला 3-0 ने हरवील असे मी लिहिले होते आणि सौदीने तो सामना 2-1 असा जिंकला. पण तसा निकाल कुणाच्याच वहीत नव्हता, त्यामुळे त्याचे नुकसान सगळ्यांनी सारखे सोसले. खरी तफावत पडली ती बरोबऱ्यांत. त्या फेरीत 10 सामने बरोबरीत सुटले, मी केवळ दोन बरोबऱ्या लिहिल्या होत्या आणि त्या दोन्ही चुकल्या. मोरोक्को आणि क्रोएशिया यांच्यातील 0-0 काकांनी अचूक सांगितले होते. पुढे हेच दोन संघ तिसऱ्या क्रमांकासाठी पुन्हा समोरासमोर आले, ही गोष्ट लक्षात घेतली म्हणजे त्यांच्या अंदाजामागचा विचार किती पक्का होता ते कळते.

युरो 2024 च्या, म्हणजे युरोपातील देशांच्या फुटबॉल स्पर्धेच्या, वेळी काकांनी मला आपली रीत समजावून सांगितली. “अरे, दोघांनाही एक गुण पुरत असेल तर मैदानावर घाई कोण करील? आधी तक्ता बघ, मग संघ बघ,” असे ते म्हणाले. त्या स्पर्धेत सहा गटांतील तिसऱ्या क्रमांकाच्या संघांपैकी चार संघ पुढे जाणार होते, आणि त्याचा परिणाम ‘क’ गटात स्पष्ट दिसला: सहा सामन्यांपैकी पाच बरोबरीत सुटले, इंग्लंडने सर्बियावर मिळवलेला 1-0 हा एकमेव विजय. स्लोव्हेनियाचा संघ तिन्ही सामने बरोबरीत सोडवून, अवघ्या 3 गुणांवर बाद फेरीत पोहोचला. तिथेही पोर्तुगालशी 120 मिनिटे 0-0 अशी झुंज देऊन तो पेनल्टी शूटआउटमध्ये बाहेर पडला, कारण गोलरक्षक दियोगो कोस्ताने त्यांचे तिन्ही फटके अडवले. एकूण साखळीत 36 पैकी 14 सामने बरोबरीत सुटले. मी सहा बरोबऱ्या लिहिल्या, चार जुळल्या, आणि नेदरलँड्स-फ्रान्स 0-0 हे अचूक आल्याचा आनंद मला आजही आठवतो. त्या फेरीअखेर माझे 108 पैकी 33 गुण झाले. चौथ्या हिश्श्यावरून जवळजवळ तिसऱ्या हिश्श्यापर्यंत आलो, ही माझ्या दृष्टीने मोठी प्रगती आहे.

2026 मध्ये 48 संघ, 12 गट आणि एकूण 104 सामने आहेत. प्रत्येक गटातील पहिले दोन आणि तिसऱ्या क्रमांकाचे आठ सर्वोत्तम संघ पुढे जातील, म्हणजे तिसऱ्या क्रमांकाला मिळणारी संधी युरोइतकीच, तीनपैकी दोन. म्हणूनच या वेळी मी कतारचा नव्हे, तर युरोचा तक्ता समोर ठेवून बसलो आहे.

सर्वांत जास्त वेळ गेला तो उद्घाटनाच्या सामन्यावर. मेक्सिको आणि दक्षिण आफ्रिका 11 जूनला मेक्सिको सिटीच्या अझ्टेका मैदानावर भेटतील, तेव्हा आपल्याकडे मध्यरात्र उलटून गेलेली असेल. 2010 मध्येही 11 जूनलाच, जोहान्सबर्गला, याच दोन संघांनी उद्घाटनाचा सामना 1-1 असा सोडवला होता. अझ्टेकावरील याआधीचे दोन्ही उद्घाटनाचे सामनेही बरोबरीचेच: 1970 मध्ये मेक्सिको-सोव्हिएत संघ 0-0 आणि 1986 मध्ये इटली-बल्गेरिया 1-1. काकांनी हे ऐकताच 1-1 लिहून टाकले. मला मात्र इतिहासाचा आधार पुरेसा वाटला नाही, कारण 1966 पासून 1978 पर्यंत सलग चार विश्वचषकांचे उद्घाटनाचे सामने 0-0 सुटले होते. तो त्या काळातील सावध खेळाचा गुण होता, मैदानाचा नव्हे. मेक्सिको सिटी समुद्रसपाटीपासून सुमारे 2,200 मीटर उंच आहे, तिथल्या विरळ हवेत पाहुण्यांना धाप लागेल, असे धरून मी आधी 2-0 लिहिले. मग लक्षात आले की दक्षिण आफ्रिकेचे बरेचसे खेळाडू जोहान्सबर्ग आणि प्रिटोरियाच्या क्लबांतून खेळतात आणि जोहान्सबर्ग स्वतःच सुमारे 1,700 मीटर उंचीवर आहे. सहाशे मीटरांच्या आसपास असलेल्या आपल्या नाशिकचा माणूस तिथे जितका दमेल, तितके ते दमणार नाहीत. खोडले आणि 1-1 लिहिले. निकाल काकांचाच, पण वाट माझी.

‘सी’ गटात ब्राझील, मोरोक्को आणि स्कॉटलंड हे 1998 च्या गटातील तीन संघ पुन्हा एकत्र आले आहेत. त्या वेळी ब्राझीलने मोरोक्कोला 3-0 ने हरवले होते. परंतु 2022 मध्ये मोरोक्कोने उपांत्य फेरीपर्यंतच्या पाच सामन्यांत एकच गोल स्वीकारला आणि तोही स्वयंगोल होता, त्यामुळे इथे 1-1. फ्रान्स-सेनेगल सामन्यात 2002 च्या सेऊलमधील सेनेगलच्या 1-0 विजयाची आठवण प्रत्येकाला होणारच. तरीही मी फ्रान्सला 2-1 दिले आहे. इंग्लंड-क्रोएशिया 1-1. स्पेन-केप व्हर्दे 3-0.

जर्मनी-क्युरासाओ सामन्याला 4-0 लिहिताना हात जड झाला. सुमारे दीड लाख वस्तीचे हे बेट विश्वचषकाला पात्र ठरलेला लोकसंख्येने सर्वांत लहान देश आहे. 2011 च्या जनगणनेतील नाशिक शहराच्या जेमतेम एक दशांश माणसे तिथे राहतात. त्यांनी एक जरी गोल केला, तरी माझे दोन गुण गेल्याचे मला वाईट वाटणार नाही.

विजेता म्हणून मी स्पेनचे नाव लिहिले आहे. युरो 2024 चे सातही सामने जिंकलेला हा संघ सोडतीनुसार अर्जेंटिनाच्या विरुद्ध बाजूला आहे, त्यामुळे दोघेही आपापल्या गटात पहिले आले, तर त्यांची गाठ अंतिम सामन्याआधी पडणार नाही.

उरलेल्या अकरा सामन्यांपैकी नेदरलँड्स-जपान मला सर्वाधिक छळतो आहे. 2010 मध्ये नेदरलँड्सने जपानला 1-0 ने हरवले होते. 2022 मध्ये मात्र जपानने जर्मनी आणि स्पेन या दोघांनाही आधी पिछाडीवर पडून 2-1 ने हरवले आणि मधल्या सामन्यात कोस्टारिकाकडून 0-1 अशी हार पत्करली. काका म्हणतात, “अठरावी बरोबरी लिही.” मी तूर्त 2-2 लिहून पुढे प्रश्नचिन्ह काढले आहे.